येणे बाकी

टेबल एकच, फणसाच्या फळीचे,
एका पायाखाली काडेपेटी सरकवलेली.
आज त्यावर दोन रोगी.

उजवीकडे देवळातला तंबोरा.
भजनीबुवा म्हणाले, मुका झालाय,
छेडला की ठण्ण म्हणतो आणि संपतो,
पितळी तांब्यासारखा.

डावीकडे लोटलीच्या रेमेदिनबायची रेबेक.
(व्हायोलिन म्हटले की ती दुरुस्त करते बाई मला.)
पूल ओलांडून स्कूटरवरून आली,
टॉवेलात गुंडाळलेली, न्हाऊ घातलेल्या पोरासारखी.
तिची तक्रार नेमकी उलटी:
आत माशी शिरल्यासारखी भुणभुणते गो,
आणि उद्या घरी लदीन.

म्हणजे हिच्यातून जे काढायचे
तेच त्याच्यात घालायचे.
चिमट्याने उचलून इकडचे तिकडे ठेवता आले असते
तर जेवणाआधी मोकळी झाले असते मी.

पण तंबोऱ्याची भुणभुण घोडीत राहते.
घोडी सांबरशिंगाची, माझ्याहून वयाने मोठी,
तारांनी तिच्या पाठीत चार चऱ्या पाडलेल्या.
कानशीचे दोन हात मारायचे, थांबायचे,
तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा,
कान लावायचा.
पुन्हा दोन हात.
आजोबा म्हणत, तिसरा मारावासा वाटतो ना,
तो मारू नकोस.
त्यांनी मारला होता एकदा.
म्हार्दोळच्या माणसाला नवी घोडी फुकट करून दिली
आणि वर्षभर त्या गावावरून जाताना
बसमध्ये मान खाली.

रेबेकेची मात्र कुठेही दडलेली असते.
बोट वाकवून कडेकडेने वाजवत गेले,
बाजारात नारळ वाजवतात तशी.
टक. टक. टक. टप.
हनुवटी टेकते तिथे नखभर फट.
दमट हवेत सरस सुटतो,
सुटायलाच हवा.
तो हट्टाने धरून राहिला असता
तर लाकूड फाटले असते.

नुसती कड चिकटवून भागले असते,
पण तो टप जरा खोलवरूनही आला होता,
पोटातली पट्टी सैल.
गरम पाण्याचे बोट फिरवले, पातळ सुरी घातली.
जुना सरस कुरकुरत सुटला
आणि लसणीचा वास आला.
आमच्या घरीच सरसात लसणीची पाकळी टाकतात.

झाकण उचलले.
आत, जिथे फक्त अंधार आणि आवाज जातो,
शिसपेन्सिलीने, आजोबांचा तो डावीकडे कललेला 'र':
*बोरी. १९५१. आतला खांब नवा बसविला.*
*येणे दीड रुपया.*

फोन केला. तशीच आली, एप्रनवर.
मी वाचून दाखवले.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, पाय तर शपथ घालायचा,
च्यारीचे सगळे चुकते केले म्हणून!
आणि हसता हसता
एप्रनने डोळे पुसले, चष्मा पुसला,
मग पुन्हा डोळे.

पर्स उघडली. नको म्हटले तर रागावली.
मेलेल्या माणसाचे कर्ज पोटात ठेवून
मी उद्या देवापुढे वाजवू?
दोन रुपयांचे नाणे टेबलावर ठेवले, हात पुढे केला:
पन्नास पैसे परत दे.

पन्नास पैसे आता कोणाकडे असतात?
डबे पाहिले, देव्हाऱ्याची वाटी पाहिली,
खुंट्यांच्या खोक्यात एक वॉशर सापडला.

बरे तर, ती म्हणाली, लिहून ठेव.

आजोबांच्या ओळीखाली लिहिले,
अक्षर त्यांच्याइतके वळणदार नाही माझे:
*बोरी. पट्टी व कड चिकटवली.*
*देणे पन्नास पैसे.*
सरस लावला, झाकण बसवले,
चोहीकडून शिकंजे आवळले.
पुढे कधी हवा पुरेशी दमट झाली
की उघडेल कोणीतरी.

तंबोरा दिवेलागणीला बोलला.
दोरा बोटभर मागे घेतला आणि तार
आपल्याआपण पसरत गेली, थांबेचना.
कानस हातातच होती.
तिसरा हात मारला नाही मी.
फार मारावासा वाटला.